इंजिनाचे बोल

बमरोलीत राहणाऱ्या माणसाला शांततेची व्याख्या विचारू नये. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसऱ्याला लागून असलेली ही वस्ती. गल्लोगल्ली यंत्रमाग. दिवसपाळी संपली की रातपाळी सुरू होते, आवाज मात्र तोच राहतो. खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या हजारो माणसांनी तो आवाज आपलासा केला आहे. गावाकडचा पाहुणा पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लावू शकत नाही. आम्हाला उलट वीज जाऊन माग थांबले की दचकून जाग येते.

या गोंगाटाने आमच्या लोकांना एक विद्या दिली आहे. माग चालवणारा कारागीर एका वेळी अनेक माग सांभाळतो. त्याची पाठ वळलेली असते, शेजाऱ्याशी काही बोलणे चाललेले असते, आणि मध्येच तो गर्रकन वळून नेमक्या एका मागापाशी जातो. तिथे धागा तुटलेला असतो किंवा काही सैल झालेले असते. एवढ्या कोलाहलात एका मागाचा चुकलेला ठेका त्याला ऐकू येतो. मी एम.ए. झालेला, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणारा माणूस. पण कान कशाला म्हणतात ते मी या मंडळींकडून शिकलो. पुढे हे शिक्षण एका वेगळ्याच यंत्राच्या बाबतीत कामी आले. त्याचीच ही हकिगत.

अलीकडे ‘कॅराव्हॅन’ हा शब्द आपल्याकडे रुळू लागला आहे. ज्या गाडीत झोपता येते, चूल पेटवता येते, अशी ही घरगाडी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे मोठ्या शहरांतली माणसे अशा गाड्या भाड्याने घेऊन हिंडू लागली. खरे तर आपल्या मुलखाला चाकांवरचे घर नवे नाही. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या पाहा. त्यांत भांडीकुंडी, पाळणा, कोंबड्या, सारा संसार असतो. टपावर शिधा, शेगड्या आणि पातेली बांधून चारधामला निघालेल्या यात्रेच्या बसगाड्या सुरतेत कोणी पाहिल्या नाहीत?

माझे साडू एस.टी.त चालक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी सतराआसनी डिझेल गाडी घेतली. रीतसर परवानगी काढून तिच्यातली आसने काढवली. आत दोन फळ्यांचे बिछाने, एक शेगडी, पाण्याची छोटी टाकी आणि छताला पंखा बसवला. ‘‘आयुष्यभर दुसऱ्यांना गावी पोचवले, आता स्वतः फिरायचे,’’ असे ते म्हणत. ती गाडी बमरोलीत आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत उभी असते.

उभी असते, हेच तिचे पहिले दुखणे. रोज धावणाऱ्या गाडीचे आजार वेगळे आणि घरगाडीचे वेगळे. ही वर्षातले नऊ-दहा महिने जागेवर उभी राहते. सुरतेच्या दमट हवेत टाकीतल्या रिकाम्या भागात बाष्प साचते, त्याचे पाणी होऊन डिझेलच्या तळाशी बसते. पाणी जड, डिझेल हलके. त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि काळपट, चिकट गाळ तयार होतो. बॅटरी उतरते. उंदीर वायरी कुरतडतात, हवेच्या फिल्टरच्या डब्यात बिऱ्हाड करतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे बाष्पाला जागा उरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी चांगली गरम होईपर्यंत रस्त्यावर चालवावी. नुसते जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याने भले होण्याऐवजी नुकसानच होते.

हे ज्ञान मला दिले ते आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने. शाळेत असताना तो रात्री मागावर काम करायचा आणि सकाळी शेवटच्या बाकावर पेंगायचा. आज बमरोलीतच त्याचे छोटेसे गॅरेज आहे. हातात लांब पेचकस असतो. पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरांच्या नळीसारखेच हे साधन. कोणता टॅपेट वाजतो, कोणते नोझल नीट फवारत नाही, ते त्याला त्यातून कळते. ‘‘सर, मागावर असताना कान तयार झाला, तोच कामाला आला,’’ असे तो म्हणतो.

त्याने मला सुरुवात मुळापासून करून दिली. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याला १८९३ साली आपल्या इंजिनाचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले, एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. मिस्त्रीने मर्म सांगितले. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की त्या दाबानेच ती लालबुंद तव्यासारखी तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. म्हणजे डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरेसा दाब. त्याला थंड ठेवायला पाणी आणि झीज टाळायला ऑइल. ‘‘या पाचांपैकी काय कमी पडले तेवढे शोधायचे, सर. बाकी सगळा तपशील.’’

शोधायचे कसे? पहिली खूण सुरू होतानाची. किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक्’ होऊन सारे शांत झाले, तर दोष बॅटरीकडे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर तारा सोडवून गरम पाण्याने धुवावे, घासून घट्ट बसवावे. घरगाडीत पंखा-दिव्यांसाठी दुसरी बॅटरी असलीच पाहिजे, आणि ती इंजिनाच्या बॅटरीपासून तुटक ठेवता आली पाहिजे. नाही तर रात्रभर पंख्याचा वारा घ्यायचा आणि सकाळी गाडीला धक्का मारायचा, अशी पाळी येते. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर बॅटरीला दोष देऊ नये. तिथे डिझेल पोचत नाही, किंवा थंडीत हीटर प्लग तापत नाहीत.

दुसरी खूण धुराची. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. बमरोलीसारख्या ठिकाणी रस्त्याची धूळ आणि कारखान्यांतली तंतूंची लव हवेच्या फिल्टरवर गोधडीसारखी बसते, तेव्हा आधी तोच काढून पाहावा. नोझल खराब झाले तरी काळाच धूर येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजली. गार सकाळी सुरू करताना मिनिटभर पांढरा धूर निघाला तर घाबरू नये, ते न जळलेले डिझेल असते. पण गाडी तापल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली, रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होऊ लागले आणि ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल ताकासारखे दिसले, तर समजावे की हेड गॅस्केट फुटून पाणी नको तिथे शिरले आहे. तशी गाडी पुढे नेऊ नये.

तिसरी खूण काट्याची आणि दिव्याची. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढचे गाव किती लांब आहे याचा हिशेब करायचा नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करायचे. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, वेग कमी, आणि आतल्या हीटरची सोय असेल तर तो पूर्ण सोडायचा. ऐन उन्हाळ्यात हीटर लावणे वेडेपणाचे वाटते, पण इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो. थांबल्यावर फॅनचा पट्टा, होसपाइप, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा पाहायचा. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना कदापि उघडायचे नाही. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडते. आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतायचे नाही, लोखंड तडकते.

हे सारे वहीत उतरवून घेतल्यावर त्याची परीक्षाही झाली.

माझी माय तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मांडीचे हाड मोडल्यापासून तिला फार वेळ बसवत नसे. आखाजी जवळ आली की ती अस्वस्थ होई. खानदेशातल्या बाईला दिवाळीपेक्षाही आखाजी जवळची. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरायची, लेकी माहेरी यायच्या, गौराई मांडायची, निंबाच्या झाडाला झोके बांधायचे, आमरस नि पुरणपोळी करायची. तिचे माहेर साक्री तालुक्यातले. पॅसेंजर गाडीच्या बाकावर ती बसू शकत नव्हती. मी अँब्युलन्सचा विषय काढला तेव्हा तिने तोंड फिरवले. ‘‘त्या गाडीमा माहेरले कोनी जात नही,’’ एवढेच म्हणाली. यावर काय बोलणार? शेवटी साडूंनीच आपली घरगाडी पुढे केली. बिछाना होताच.

मिस्त्रीने दोन दिवस गाडी तपासली. ऑइल, पट्टा, पाणी, ब्रेक, सारे पाहिले. डिझेलचा नवा फिल्टर बसवला आणि वर आणखी दोन फिल्टर, एक पाना आणि एक पारदर्शक बाटली साडूंच्या हाती दिली. ‘‘टाकी जुनी आहे, काका. धुतली तरी कोपऱ्यातला गाळ सुटत नाही. सपाटीवर कळणार नाही, घाटात टाकी कलली की तो वर येईल,’’ असे त्याने बजावले.

२०२३ सालची आखाजी २२ एप्रिलची. आम्ही दोन दिवस आधी पहाटे निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडले. मायसाठी थांबत थांबत नवापूर गाठले. त्या गावाचे रेल्वेस्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. मायला ते सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘‘मंग आते आपला मुलुख लागना ना?’’ विसरवाडी ओलांडली आणि कोंडाईबारीचा घाट सुरू झाला. ऊन चांगलेच चढले होते.

चढाला लागल्यावर चार-पाच वळणांतच गाडीचा दम तुटू लागला. साडूंनी खालचा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे सरके, पुन्हा मागे ओढल्यासारखी होई. त्यांनी मला एवढेच सांगितले, ‘‘सर, आरशात धूर पाहा.’’ मी पाहिले. धूर नव्हता. काटा मध्यावर होता. पुढे ते जे मोठ्याने बोलत गेले, ते ऐकताना मला वाटले, इतका सुसंबद्ध तर्क माझ्या वर्गात क्वचितच कोणी मांडला असेल. गाडी तापलेली नाही, म्हणजे पाण्याचा दोष नाही. हवा कोंडली असती तर काळा धूर आला असता, तो नाही. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडले असते आणि चाके मागे राहिली असती. इथे इंजिनाचाच आवाज बसतो आहे. सपाटीवर ठीक चालते आणि लोड आला की उपाशी पडते. म्हणजे डिझेल पोचत नाही.

रस्ता रुंद झाला तिथे त्यांनी गाडी अगदी डावीकडे घेतली. मागच्या चाकांना दगड लावले, मागे त्रिकोण ठेवला. शेजारून मालमोटारी घरघरत जात होत्या. एक चालक थांबला आणि म्हणाला, ‘‘रेस देत देत चढवा, वर गेल्यावर पाहू.’’ माणूस मदतीलाच थांबला होता, पण साडूंनी मान हलवली. चढावर बंद पडलेल्या गाडीचा ब्रेकही हलका राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आत पत्र्याची गाडी तापत होती. माझी पत्नी ओल्या पंचाने मायचे हातपाय पुसत होती. इंजिन सुरू ठेवून पंखा-एसी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडची दारे उघडली, वाऱ्याच्या बाजूने ओली चादर बांधली. त्या अर्ध्या-पाऊण तासात माझे लक्ष घड्याळाकडे नव्हते, मायच्या ओठांकडे होते. चमच्याने पाणी पाजत होतो.

साडूंनी फिल्टरखालचा स्क्रू सोडला आणि निघालेले डिझेल बाटलीत धरले. क्षणभराने बाटलीत दोन थर दिसले. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि तळाला काळी रेव. मिस्त्रीचे भाकीत शब्दशः खरे ठरले. जुना फिल्टर काढला, नवा डिझेलने भरून बसवला. पण फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते, आणि हवा शिरली की पंप नुसता फेस गिळतो. म्हणून हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल केला आणि हातपंप दाबायला मला बसवले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांसह डिझेल, आणि शेवटी अखंड धार. धार अखंड झाल्यावरच स्क्रू आवळायचा. तिसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडले, अडखळले आणि एका लयीत चालू लागले.

साडू लगेच निघाले नाहीत. पाच मिनिटे ते नुसते ऐकत उभे राहिले. जोडांवर बोट फिरवून कुठे ओल आहे का ते पाहिले. मग मला म्हणाले, ‘‘सर, आणखी एक फिल्टर शिल्लक आहे. घाट अजून बाकी आहे. खाली विसरवाडीला परतायचे की वर जायचे, तुम्ही सांगा.’’ मला उत्तर सुचेना. तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, ‘‘आते बरी बोलस गाडी. चला.’’ तिने आयुष्यात गाडीचे चाकही हाती धरले नव्हते. पण विहिरीवरच्या इंजिनाच्या आवाजावरून पाणी किती खाली गेले ते सांगणाऱ्या पिढीची ती बाई. आम्ही चढलो. दहिवेलला थांबून पुन्हा बाटली धरली. या वेळी पाणी चमचाभरच होते. साक्रीत तो दुसराही फिल्टर बदलला आणि संध्याकाळी तिच्या माहेरच्या अंगणात, निंबाखाली गाडी उभी केली. चार दिवस तिचा बिछाना तिथेच होता. भाच्या, नाती, शेजारणी गाडीच्या दारात बसून तिच्याशी बोलत. झोका तिला दिसेल अशाच फांदीला बांधला होता.

त्याच वर्षी अधिक श्रावणात ती गेली.

ही पद्धत सगळ्याच गाड्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. नव्या गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. तिथे डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो. जुन्या इंजिनात नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते मिस्त्री ओळखत. नव्यात तसे करू गेल्यास ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गळती हाताने चाचपू नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. गाडी नुसती गल्लीत फिरवली तर ती कोंडते. तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळवावे लागते. इशाऱ्याचा दिवा लागला तर संगणक जोडून दोष वाचणाऱ्याकडे जावे. तरी दम कधी तुटला, चढावर की सपाटीवर, गार असताना की तापल्यावर, धूर कोणता होता, हे मालकाने सांगितले तर त्या संगणकवाल्याचेही काम निम्मे होते.

आणि घरगाडीबाबत एक गोष्ट साऱ्यांच्या वर. आपण तिच्यात झोपतो. धुराचा पाइप गंजून फरशीखाली फुटला तर विषारी वायू आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्रवासात साऱ्यांचेच डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर गाडी लागली असे समजून लिंबू चोखत बसू नये. गाडी थांबवून आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. चालत्या गाडीत सिलिंडरचा कॉक बंदच हवा.

शाळेत मी रोज हजेरीपट पाहतो. बमरोलीतला मुलगा एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी सोमवार चुकतो, मग पहिला तास, मग वह्या कोऱ्या राहू लागतात. कुठल्या तरी मागावर त्याची रातपाळी सुरू झालेली असते. नाव कमी करायची वेळ येईपर्यंत त्याने आम्हाला बऱ्याच वेळा सांगितलेले असते. मिस्त्री माझ्या वर्गात पेंगत होता तेव्हा त्याच्या तेव्हाच्या वर्गशिक्षकांनी त्याला बाकावरून उठवले नाही, तर त्याच्या घरी जाऊन आले. त्यामुळे तो निदान दहावीपर्यंत टिकला. आता तोच आमच्या मुलांना सुटीत इंजिन उघडून दाखवतो.

या दिवाळीच्या सुटीत कोणी बिऱ्हाड घेऊन गाडीने निघणार असेल, तर त्यांना माझी एकच विनंती. फिल्टर जादा घ्या, बाटली घ्या, पाना घ्या. आणि घर सोडल्यापासून पहिली दहा मिनिटे गाणी लावू नका. आपल्या गाडीचा निरोगी आवाज कसा असतो, तो तेवढा कानात भरून घ्या. गाणी काय, पुढे सारा रस्ता पडलेलाच आहे.